हरित फटाके, बेरियम आणि दसऱ्याचं दारूकाम: मालात नक्की काय बदललंय आणि काय नाही?

वारणाकाठ (धागा सुरू)

दसरा तोंडावर आला की सांगली जिल्ह्यातल्या कवठेएकंदच्या पालखीची आतषबाजी आणि मागोमाग दिवाळी. तासगाव, मिरज, पलूस भागातल्या मंडळांच्या बैठकांत एकच वाक्य ऐकू येतं: "यंदा सगळा माल ग्रीन घेऊ, म्हणजे कुणाची कटकट नाही." हे वाक्य अर्धंच खरं आहे, म्हणून हा धागा.

आधी जे पक्कं आहे ते. सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निकाल २३ ऑक्टोबर २०१८ चा. त्यात कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच परवानगी, माळा म्हणजे लडींवर बंदी, बेरियमच्या क्षारांवर बंदी आणि दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ. त्याआधी ३१ जुलै २०१७ च्या आदेशाने शिसं, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम फटाक्यांतून हद्दपार केले. २९ ऑक्टोबर २०२१ ला न्यायालयाने बेरियम आणि लडींबद्दल पुन्हा कान पिळले, कारण माल तसाच येत होता.

हरित (ग्रीन) फटाक्यांची सूत्रं नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची. स्वास, स्टार आणि सफल अशी तीन कुळं. स्वासमध्ये जळताना पाण्याची वाफ सुटून धूळ दबते, सफलमध्ये ॲल्युमिनियम कमीत कमी. दावा आहे तो सूक्ष्म कणांत साधारण ३० टक्के घट होण्याचा. आता गणित करा. गेल्या वर्षी १०० पेट्या उडवल्या आणि यंदा "ग्रीन आहे की" म्हणून १५० उडवल्या, तर १५० गुणिले ०.७ म्हणजे १०५. धूर वाढला! स्टिकर बघून हात सैल सुटला की हेच होतं.

कारखाना, प्रयोगशाळा, अग्निशमन या कामांतल्या जाणकारांनी भर घाला. एक अट: मिश्रणाची प्रमाणं इथे कुणी टाकायची नाहीत. विनापरवाना दारू कालवायचा प्रश्न आला तर प्रतिसाद उडवला जाईल.

---

विट्याचा_रसायनवाला

चांगला विषय. आत काय असतं ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून प्रमाणं न सांगता घटकांचं काम सांगतो.

जाळायला इंधन लागतं (ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, गंधक, कोळसा), ऑक्सिजन पुरवणारा क्षार लागतो (नायट्रेट, परक्लोरेट), रंग देणारा धातू आणि सगळं धरून ठेवणारा डिंक किंवा डेक्स्ट्रिन. बेरियम नायट्रेट इतकं लाडकं का? कारण ते एकाच वेळी ऑक्सिजनही देतं आणि हिरवा रंगही. स्वस्त आणि ओल न धरणारं. फुलबाजीत तर ते कणाच आहे. जळल्यावर त्याचं ऑक्साइड आणि पुढे कार्बोनेट होतं आणि ते बारीक धुरात फुलबाजी धरलेल्या पोराच्या नाकासमोर तरंगतं. पाण्यात किंवा पोटातल्या आम्लात विरघळणारं बेरियम विषारी असतं. सल्फेट मात्र विरघळत नाही, म्हणून तर ते एक्स-रेच्या आधी पाजतात.

यातली गोम अशी की एक घटक काढला की दुसरीकडे काहीतरी वर येतं. जुन्या काळी क्लोरेट आणि गंधक एकत्र असायचं. गंधकावर हवेतल्या ओलीने आम्ल धरतं, ते क्लोरेटला छेडतं आणि घासलं-आपटलं नाही तरी माल पेटतो. म्हणून १९९२ साली केंद्राने क्लोरेट-गंधक मिश्रणावर बंदीच घातली. त्याजागी परक्लोरेट आलं. हाताळायला कितीतरी सुरक्षित, पण न जळलेलं परक्लोरेट पाण्यात उतरतं आणि थायरॉइडमध्ये आयोडीनची जागा अडवतं. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका तळ्यात आतषबाजीनंतर पाण्यातलं परक्लोरेट कित्येक पटींनी वाढलेलं मोजलं गेलंय.

"सुरक्षित" आणि "स्वच्छ" ही दोन वेगळी मापं आहेत. माल हाताळणाऱ्याला सुरक्षित असेल, पण खालच्या विहिरीला स्वच्छ असेलच असं नाही.

---

गणपती_पेठ

हे सगळं बरोबर राव, पण दुकानदाराने काय बघायचं? पेटीवर हिरवा लोगो तर सगळेच छापतात. क्यूआर स्कॅन केला की काहीतरी उघडतंच.

---

वारणाकाठ

@गणपती_पेठ, नुसतं "काहीतरी उघडणं" म्हणजे पुरावा नव्हे. खोटे कोड बाजारात आलेले आहेत. नीरीच्या स्वतःच्या ॲपनेच स्कॅन करा आणि उघडलेल्या पानावरचं उत्पादकाचं नाव, मालाचा प्रकार हे पेटीवरच्या छपाईशी अक्षरशः जुळवा. अनाराच्या पेटीवरचा कोड फुलबाजीचं पान दाखवत असेल तर तो कॉपी मारलेला आहे. पेटीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि वजन नसेल तर पेटी परत करा. बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. नंतर भांडायला तोच उपयोगी पडतो.

---

कॉलेजची_लॅब_मिरज

बेरियम आहे का हे कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत राखेवरून बऱ्यापैकी कळतं. फटाका फोडून आतली पावडर काढायची नाही, फक्त जळून उरलेलं घ्यायचं. फुलबाजीवर हे सर्वात सोपं जातं.

पाच फुलबाज्या उघड्यावर लोखंडी ट्रेवर जाळा. पूर्ण थंड झाल्यावर तारेवरचा कडक पापुद्रा खरवडा, साधारण १ ग्रॅम पुरे. खलबत्त्यात हलकेच बारीक करा. राखेत बेरियम बहुधा कार्बोनेट होऊन बसलेलं असतं, ते नुसत्या पाण्यात उतरत नाही. म्हणून २० मिली ५ टक्के ॲसेटिक आम्ल घालून दहा मिनिटं ढवळा. बुडबुडे आले तर कार्बोनेट असण्याची शक्यता. फिल्टर पेपरमधून गाळा. वरचं द्रावण किंचित पिवळट दिसेल, ते लोखंडामुळे.

आता दोन परीक्षानळ्या. पहिलीत २ मिली गाळलेलं द्रावण आणि तेवढंच कॅल्शियम सल्फेटचं संपृक्त द्रावण. घातल्या घातल्या दुधासारखं गढूळ झालं तर बेरियम. काही मिनिटांनी, किंवा गरम केल्यावर हळूहळू गढूळ झालं तर स्ट्रॉन्शियम. दुसरी नळी खात्रीची: थोडं सोडियम ॲसिटेट घालून मग पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब. पिवळा साका बसला तर बेरियम, कारण ॲसेटिक आम्लात स्ट्रॉन्शियम क्रोमेट बसत नाही. क्रोमेट विषारी आहे, हातमोजे घाला, उरलेलं मोरीत ओतू नका.

सोबत एक कोरी चाचणी हवीच: राख न घालता नुसतं आम्ल. आणि शक्य असेल तर बेरियम क्लोराइडचा एक थेंब घातलेली तिसरी नळी, म्हणजे "हो" कसं दिसतं ते समोर राहतं.

---

विट्याचा_रसायनवाला

पद्धत योग्य. एक मेख सांगून ठेवतो. मालात गंधक असेल तर जळतानाच बेरियम सल्फेट होऊन जातं आणि ते ॲसेटिक आम्लात उतरत नाही. मग नळी स्वच्छ राहील आणि तुम्ही म्हणाल "बेरियम नाही." म्हणून "हो" आलं तर विश्वास ठेवा, "नाही" आलं तर ठेवू नका. अनार, चक्री, गंधकाचा वास येणारं काहीही असेल तर ही चाचणी लावूच नका. त्याला एक्सआरएफ (एक्स-रे टाकून मूलद्रव्यं ओळखणारं) यंत्र असलेल्या प्रयोगशाळेत राख पाठवावी लागते. तिथे सल्फेट असो की कार्बोनेट, मूलद्रव्य दिसतंच.

ज्योतीची परीक्षा कुणी सुचवायच्या आधीच सांगतो: राखेत सोडियम इतकं असतं की पिवळ्या ज्योतीत बेरियमचा पोपटी रंग बुडून जातो.

---

शांतता_हवी_सातारा

आवाजाचं काय? ग्रीन म्हणजे आवाज कमी, असा समज आमच्या साताऱ्यात तरी आहे.

---

डेसिबल_दादा

कायद्याची मर्यादा सगळ्यांना सारखीच: फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी) पीक. एआय आणि सी पीक या धडाका मोजायच्या दोन पद्धती. ग्रीनवाले आपला आवाज त्याच्या आत असल्याचं सांगतात, पण आत म्हणजे शांत नव्हे.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल उतरतात. ४ मीटरवर १२५, ८ वर ११९, १६ वर ११३, ३२ वर १०७. म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला झोळीत झोपलेल्या बाळापर्यंत शंभराच्या वरच पोहोचतो. हेही मोकळ्या मैदानात. दोन्हीकडे भिंती असलेल्या बोळात परावर्तन होऊन उतार आणखी कमी.

माळांना नियम अजून कडक होता: प्रत्येक फटाक्याची मर्यादा ५ लॉग एन इतकी खाली (एन म्हणजे माळेतल्या फटाक्यांची संख्या, लॉग १० च्या पायावर). शंभराच्या माळेला १० डेसिबल वजा, हजाराच्या माळेला १५. आता माळच बंद, त्यामुळे ते गणित कागदावर राहिलं.

आणि कृपा करून मोबाइल ॲपने मोजून "९५ आला, सगळं ठीक" असं टाकू नका. फोनचा माईक धडाक्याला वरून कापतो, ११० असो की १३०, आकडा जवळपास तोच दाखवतो. खरं मोजमाप कडक सिमेंटच्या किमान ५ मीटर व्यासाच्या जमिनीवर, १५ मीटरच्या आत भिंत नसताना, आघाती आवाजाच्या मीटरने होतं. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे विषयच संपला.

---

धूरमापक

आवाज नाही म्हणजे धूर नाही, हा दुसरा गैरसमज. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांसोबत केलेल्या मोजमापात पीएम २.५ चा, म्हणजे फुफ्फुसात खोल जाणाऱ्या सूक्ष्म कणांचा, कळस असा निघाला होता (मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर): सापाची गोळी ६४,५००, हजाराची लड ३८,५४०, पुलपुल २८,९५०, फुलबाजी १०,३९०, चक्री ९,४९०, अनार ४,८६०. आपल्याकडचं २४ तासांचं मानक ६० आहे. तुलना थेट नाही, एक कळस आहे आणि दुसरी सरासरी. पण क्रम बघा. सगळ्यात निरुपद्रवी म्हणून तीन वर्षांच्या पोराला जी देतो ती सापाची गोळी पहिली, आणि पोरगं तिच्यावर वाकून बघत असतं. मंडळाने एकच गोष्ट बंद करायची म्हटली तर मी बॉम्बच्या आधी सापाची गोळी बंद करीन.

---

गणपती_पेठ

नाद खुळा माहिती. साप यंदा दुकानात ठेवणारच नाही.

---

अग्निशमन_निवृत्त

आतल्या पावडरीवर बरीच चर्चा झाली. पण अपघात बघितले तर निम्मं काम मैदानाच्या आखणीचं असतं.

आकाशात जाणारे गोळे उडवायचे तर परवानाधारक आतषबाजीवालाच हवा, तिथे तडजोड नाही. त्याच्याशी बोलताना आपल्याला आकडे ठाऊक असावेत. अमेरिकेच्या एनएफपीए ११२३ या अग्निसुरक्षा मानकात गोळ्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला ७० फूट मोकळी जागा धरतात. म्हणजे ३ इंचीला सुमारे ६४ मीटर, ४ इंचीला ८५, ६ इंचीला १२८. दवाखाना जवळ असेल तर दुप्पट. आपल्याकडे परवान्यात याहून जास्त अंतर लिहिलं असेल तर तेच पाळायचं. गावातल्या चावडीसमोर ६ इंची बसत नाही, हे या आकड्यांतच दिसतं. जागा मोजा आणि मग माल ठरवा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

गोळा उडवायची नळी पीव्हीसीची किंवा बिडाची नको. गोळा नळीतच फुटला तर पीव्हीसीचे धारदार तुकडे उडतात, आणि ते एक्स-रेतही नीट दिसत नाहीत. एचडीपीई, फायबर ग्लास किंवा जाड कागदी नळी घ्या. एकटी उभी केली तर दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश वाळूत गाडा. विटा टेकवून उभी केलेली नळी पहिल्या धक्क्याला लोकांकडे झुकते.

आपल्या भागाच्या खास भानगडी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड टोळ्या येऊन पडतात, त्यांच्या पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या कोप्या गावकुसाबाहेर, म्हणजे जिथे बाण पडतो तिथेच. कडब्याच्या गंजी, वाळलेलं पाचट, हळदीच्या पोत्यांची गोदामं. संध्याकाळी वारा कुठून वाहतोय ते बघून पडायची बाजू ठरवा, आणि त्या बाजूला पाण्याचा टँकर आधीच उभा करा. आग लागल्यावर बोलावलेला टँकर दसऱ्याच्या गर्दीत कधी पोहोचायचा?

न पेटलेला नग दिसला की माणूस सवयीने वाकून बघतो. किमान १५ मिनिटं कुणी जवळ जायचं नाही, नंतरही तोंड नळीच्या वर आणायचं नाही, बाजूने भरपूर पाणी ओतायचं. परत वात लावायचा प्रयत्न तर अजिबात नको.

---

मंगल_कार्यालय_व्यवस्थापक

लग्नात "कोल्ड पायरो" मशीन येतात. ती तरी सुरक्षित समजायची का? मागणी लै आहे.

---

अग्निशमन_निवृत्त

नाव थंड, आग नाही. त्यात टायटॅनियम-झिर्कोनियमचे बारीक कण तापवून उडवतात. ठिणगी इतकी छोटी असते की हाताला चटका जाणवत नाही, पण थर्माकोल, कृत्रिम फुलं, जाळीचा पडदा यांना तेवढं पुरतं. मशीनभोवती आणि वर काय लटकतंय ते आधी बघा. उरलेली पावडर सांडली तर झाडून काढायची, व्हॅक्यूमने ओढायची नाही. पेटलीच तर पाणी मारू नका, सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) सिलिंडर पण नको. टायटॅनियम पाण्यातूनही ऑक्सिजन ओढतं आणि हायड्रोजन सोडतं. कोरड्या वाळूची बादली किंवा धातूच्या आगीचं डी वर्गाचं सिलिंडर. बहुतेक हॉलमध्ये दोन्ही नसतात.

---

पूररेषा_सांगली

गोदामात ओल शिरून भिजलेला माल आहे. वाळवला तर चालेल का? पेट्या बाहेरून वाळलेल्या दिसतात.

---

विट्याचा_रसायनवाला

नाही. उन्हात नाही, पंख्याखाली नाही, गॅसजवळ तर मुळीच नाही. ॲल्युमिनियमची पावडर, नायट्रेट आणि ओल एकत्र आली की हळूहळू प्रक्रिया सुरू होते, अमोनिया सुटतो, उष्णता साठते. कारखान्यात म्हणूनच किंचित बोरिक आम्ल घालून ती दाबतात, पण भिजलेल्या मालात ते टिकेल याची हमी नाही.

पेटीजवळ गेल्यावर मुतारीसारखा उग्र वास आला, किंवा हाताच्या पाठीला पेटी कोमट लागली, तर तिथून बाजूला व्हा. पेट्या हलवू नका, अग्निशमनला फोन करा.

वास आणि ऊब नसेल तर मोजका माल असा निकामी करा: उघड्यावर, झाकण नसलेल्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भरपूर पाणी, त्यात माल बुडवून वर जाळी आणि दगड. किमान २४ तास. झाकण लावायचं नाही, कारण धातूच्या पावडरीतून थोडा वायू सुटतो. आकाशातले मोठे गोळे यात टाकू नका. त्यांच्यावर कागदाचे इतके थर असतात की आतपर्यंत पाणी जाईलच असं नाही. ते पुरवठादाराला किंवा पोलिसांमार्फत बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाला द्या.

ड्रममधलं पाणी ओढ्यात सोडू नका. आपल्याकडे क्षारपड जमिनीसाठी शेतकरी जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणतातच, तेच इथे कामाला येतं. २०० लिटरच्या ड्रमला २ किलो, दिवसभरात चार-पाच वेळा ढवळा. विरघळलेलं बेरियम सल्फेट होऊन तळाला बसतं. एक किलो बेरियम नायट्रेटला हिशेबाने साधारण ६६० ग्रॅम जिप्सम लागतं, म्हणून २ किलो पुष्कळ. पण नायट्रेट आणि परक्लोरेट यांना जिप्सम काही करत नाही, ते पाण्यातच राहतात. त्यामुळे विहीर, बोअर, नदीकाठ यांपासून लांब राहायचं. गाळ आणि पाणी दोन्ही घातक कचरा म्हणूनच नगरपालिकेच्या हवाली करा.

---

धूरमापक

पुढे काय येतंय यावर कुणी लिहील का? बाहेरच्या देशांत बेरियमशिवाय हिरवा रंग जमलाय म्हणे.

---

कॉलेजची_लॅब_मिरज

जमलाय. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये बोरॉन कार्बाइडवर चालणारी हिरवी फ्लेअर दाखवली, त्यात बेरियम नाही. दुसरी दिशा नायट्रोजनभरल्या इंधनांची, टेट्राझोल वगैरे. साधं इंधन कार्बन जाळून ऊर्जा देतं आणि धूर सोडतं. यांची ऊर्जा रेणूच्या बांधणीतच असते आणि बाहेर पडतो तो मुख्यतः नायट्रोजन वायू. धूर कमी, म्हणून रंग देणारा क्षारही कमी लागतो. लॉस अलामोस प्रयोगशाळेत यावर बरंच काम झालं. अडचण किमतीची: रंगमंचावर, स्टेडियमच्या आत परवडतं, गावच्या आतषबाजीला नाही.

लाल रंगात स्ट्रॉन्शियमच्या जागी लिथियम वापरायचे प्रयोगही तिकडे आहेत. आपल्याकडे तो रस्ता २०१७ च्या आदेशानेच बंद. तिकडचा शोधनिबंध वाचून इकडे माल मागवणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

मला स्वतःला जास्त पटतो तो डिस्नेचा २००४ मधला मार्ग: गोळा वर फेकायला काळी दारू न वापरता दाबलेली हवा. जमिनीलगतचा निम्मा-अधिक धूर त्या फेकणाऱ्या दारूचाच असतो असं वाटतं, आणि प्रेक्षक तोच ओढतात. रसायन न बदलता धूर कापला.

---

वारणाकाठ

@कॉलेजची_लॅब_मिरज, "निम्मा-अधिक" हा आकडा अंदाज आहे की मोजलेला? मोजलेला नसेल तर तसं लिहा, इथून उचलून लोक व्हॉट्सॲपवर फिरवतील.

---

कॉलेजची_लॅब_मिरज

अंदाजच आहे, गोळ्याच्या आकारावर बदलतो. "बराचसा" असं वाचावं.

---

गणपती_पेठ

दुकानाच्या मांडणीबद्दल कुणी लिहिलं नाही. तात्पुरती शेड टाकायची आहे.

---

अग्निशमन_निवृत्त

स्फोटक नियम २००८ प्रमाणे: शेड न जळणाऱ्या साहित्याची, म्हणजे पत्रा. कापडी मंडप नाही. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर, संरक्षित वास्तूपासून (म्हणजे घरं, शाळा, दवाखाने वगैरे) ५० मीटर, तोंडं समोरासमोर नकोत, एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत. कंदील, पेट्रोमॅक्स, उघडी ज्योत बंद. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के, लोंबती वायर नाही, प्रत्येक रांगेला एक मास्टर स्विच. ५० मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवायचा नाही. गिऱ्हाईक "एक लावून दाखवा" म्हणतंच, तेव्हा पाटी आधीच लावून ठेवा. आणि आगरबत्ती गल्ल्यावरच्या गणपतीपुढेसुद्धा नको, ती घरून लावून या.